वाचकांचे प्रश्न: साइटवर टाकलेला रिव्ह्यू नक्की कोणाचा?

मागच्या अंकात याच पानावर मी एवढंच लिहिलं होतं की कुठल्याही रिव्ह्यू साइटवर अकाउंट उघडताना सगळ्या अटी नाही तर नाही, निदान 'तुमचा कंटेंट' किंवा 'लायसन्स' अशा नावाचा परिच्छेद तरी वाचा. त्यावर इतकी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण बरेचसे प्रश्न एकमेकांत अडकलेले आहेत म्हणून काही निवडलेत. मी स्वतः कितीतरी वर्षं असे रिव्ह्यू लिहितेय, त्यामुळे हा विषय माझ्या अगदी जवळचा आहे हे आधीच सांगते.

प्रश्न: ताई, मी नऊ वर्षं एका पुस्तकांच्या साइटवर रिव्ह्यू लिहितेय, चारशेच्या वर झाले असतील. आता ती साइट विकली गेली आणि नव्या मालकांचा मेल आला की अटी बदलल्यात. अटींत वरच लिहिलंय की कंटेंट तुमचाच राहील, पण त्याच्या खाली एक भलामोठा परिच्छेद आहे, त्यातलं मला काही म्हणजे काही कळलं नाही. माझं लिखाण माझं आहे का नाही, एवढं सांगा.

उत्तर: आहे, तुमचंच आहे. तुम्ही वाक्य लिहून सेव्ह केलंत तेव्हाच त्यावर तुमचा कॉपीराइट झाला, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही की कोपऱ्यात तो गोलातला सी टाकावा लागत नाही. हे बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारामुळे, करार १८८६चा, आणि १९०८च्या दुरुस्तीपासून त्यात कुठलीही औपचारिकता लागत नाही असं ठरलंय. आज १८०हून जास्त देश त्यात आहेत. हक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर कमीत कमी ५० वर्षं, भारतात ती ६० आहे, युरोप-अमेरिकेत ७०. म्हणजे तुमचे रिव्ह्यू तुमच्या नातवंडांपर्यंत तुमच्याच घराण्याचे.

पण खरी गोष्ट त्या खालच्या परिच्छेदात आहे, आणि मला राग येतो तो याचाच, की "तुमचं ते तुमचंच" हे वाक्य सगळ्यात वर ठळक टाकायचं आणि पुढच्या श्वासात जवळजवळ सगळं मागून घ्यायचं. तो परिच्छेद म्हणजे लायसन्स. मालकी तुमच्याकडे राहते आणि वापरायची परवानगी साइटला मिळते. समजा घर तुमच्याच नावावर आहे पण त्यात एक भाडेकरू आहे, तो भाडं देत नाही, कधीच निघणार नाही, घरात हवे ते बदल करू शकतो आणि वर त्याला पोटभाडेकरू ठेवायचीही मुभा आहे. त्या परिच्छेदात शब्द कुठले असतात बघा: 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे भाडं नाही, 'परपेच्युअल' आणि 'इररिव्होकेबल' म्हणजे कायमचं आणि परत न घेता येणारं, 'मॉडिफाय' किंवा 'डेरिव्हेटिव्ह वर्क्स' म्हणजे काटछाट, भाषांतर, तुकडे करणं, 'सबलायसन्सेबल' म्हणजे तो पोटभाडेकरू. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'ट्रान्सफरेबल', म्हणजे साइट विकली की ही परवानगीसुद्धा सामानासकट नव्या मालकाकडे जाते, त्यासाठी तुम्हाला परत विचारावं लागत नाही. २०१३ मध्ये अमेझॉनने गुडरीड्स ही पुस्तकांच्या रिव्ह्यूंची साइट विकत घेतली तेव्हा लाखो वाचकांनी फुकट लिहिलेले रिव्ह्यूच तर त्या साइटची खरी मिळकत होते.

एक शब्द मात्र तुमच्या बाजूचा आहे, तो शोधा: 'नॉन-एक्स्क्लुझिव्ह'. तो असेल तर साइटला परवानगी आहे पण ती एकटीला नाही, तुम्ही तोच रिव्ह्यू दुसरीकडे टाकू शकता, छापू शकता, विकू शकता. तो नसेल आणि त्याजागी 'एक्स्क्लुझिव्ह' किंवा 'असाइन' असेल तर थांबा, कारण मग तुम्ही भाडेकरू ठेवत नाही आहात, घरच लिहून देताय.

आणि नव्या अटींबद्दल, त्या बहुतेक वेळा "तुम्ही साइट वापरत राहिलात म्हणजे मान्य केल्या" अशा धरल्या जातात. म्हणून आधी जुन्या आणि नव्या अटींची प्रत काढून ठेवा, तारखेसकट. मग चारशे रिव्ह्यू एक्सपोर्ट करा, म्हणजे स्वतःच्या फाइलमध्ये उतरवून घ्या. लॉगिन करून नवीन काही लिहायचं ते त्यानंतर.

प्रश्न: नुसता चौकोन टिक केला म्हणजे हक्क देऊन टाकले असं कसं होईल? सही नाही, कागद नाही.

उत्तर: होतं हो. नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवानगीला तर बऱ्याच ठिकाणी कागदाची गरजच नसते. पूर्ण हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर कायदे लेखी करार मागतात, भारताच्या १९५७च्या कायद्यातही तसंच आहे, वर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. पण 'लेखी' म्हणजे कागदच असं आता राहिलं नाही. अमेरिकेत घरविक्रीच्या जाहिरातींच्या एका साइटची केस होती, फोटो टाकणाऱ्यांनी क्लिक करून कॉपीराइट साइटच्या नावावर केला होता, आणि २०१३ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की ते क्लिक म्हणजे सहीच. त्यामुळे त्या चौकोनाला साधं समजू नका.

प्रश्न: माझा एक मोठा रिव्ह्यू दुसऱ्याच कुठल्यातरी साइटने जसाच्या तसा उचललाय, माझं नावही काढून टाकलं. मी मूळ साइटला कळवलं तर ते म्हणाले आम्ही काही करू शकत नाही. हे हात झटकणं आहे ना?

उत्तर: मलाही आधी तसंच वाटायचं, पण नाही, बहुतेक वेळा ते खरंच बोलत असतात. ज्याच्याकडे नुसती नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवानगी आहे त्याला कॉपीराइटच्या नावाने दुसऱ्यावर केस करता येत नाही, तो अधिकार मालकाचा, म्हणजे तुमचा.

याचं एक बोलकं उदाहरण आहे. क्रेगलिस्ट या जाहिरातींच्या साइटचा मजकूर थ्रीटॅप्स नावाची कंपनी उचलत होती. २०१२च्या जुलै-ऑगस्टमध्ये साधारण तीन आठवडे क्रेगलिस्टने पोस्ट करताना लोकांकडून "आमच्याकडे एक्स्क्लुझिव्ह हक्क आहेत" असं कबूल करून घेतलं, त्यावर भरपूर टीका झाली आणि त्यांनी ते काढून टाकलं. पुढे २०१३ मध्ये कोर्टाने काय म्हटलं, तर लोकांनी लिहिलेल्या जाहिरातींच्या कॉपीराइटवरून केस करायची तर फक्त त्या तीन आठवड्यांतल्या जाहिरातींपुरती करता येईल, बाकीच्यांवर साइटचा तेवढा हक्कच नाही. म्हणजे बघा, साइटला तुमच्यासाठी भांडायची ताकद हवी तर तिला तुमचे हक्क काढून घ्यावे लागतात, आणि हक्क तुमच्याकडे ठेवायचे तर भांडायचंही तुम्हालाच. मला विचाराल तर मी दुसरं निवडेन, दर वेळी.

तुम्ही करायचं ते असं. मूळ रिव्ह्यूची लिंक, तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट आणि नक्कल केलेल्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. मग नक्कल करणाऱ्या साइटला, आणि तिने ऐकलं नाही तर तिच्या होस्टिंग कंपनीला (जिच्या सर्व्हरवर ती साइट चालते) आणि सर्च इंजिनला कॉपीराइटची नोटीस पाठवा. अमेरिकेतल्या १९९८च्या डीएमसीए कायद्यामुळे तिथल्या बहुतेक कंपन्यांकडे यासाठी ठरलेला फॉर्म असतो, वकील लागत नाही, जगात कुठूनही भरता येतो. फक्त त्यात खोटं काही लिहू नका, खोट्या नोटिशीची जबाबदारी पाठवणाऱ्यावर येते. आणि समोरच्याने तुमच्या रिव्ह्यूतली दोन-तीन वाक्यं घेऊन त्यावर स्वतःचं म्हणणं मांडलं असेल तर ते सोडून द्या, टीका-समीक्षेसाठी थोडा उतारा घ्यायची मुभा कायद्यात असते आणि रिव्ह्यू लिहिणारे आपण सगळे त्याच मुभेवर जगतो.

प्रश्न: मी लिहीत नाही, फक्त स्टार देतो. तेही माझेच का?

उत्तर: पाचपैकी चार स्टार हे एक मत आहे आणि एक आकडा, त्यात कॉपीराइट बसण्याइतकं लिखाणच नाही. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने फाइस्ट केसमध्ये टेलिफोन डिरेक्टरीबद्दल सांगितलं होतं की नुसती माहिती कोणाच्या मालकीची नसते, ती गोळा करायला कितीही घाम गाळलेला असो, तिची निवड-मांडणी करण्यात काही स्वतःचं असेल तर तेवढ्यालाच संरक्षण. युरोपात जरा वेगळं आहे, तिथे १९९६च्या एका नियमामुळे डेटाबेस, म्हणजे माहितीचा साठा, बनवणाऱ्याला वेगळा १५ वर्षांचा हक्क मिळतो, म्हणजे लाखो लोकांचे स्टार एकत्र केलेला साठा कोणी घाऊक उचलला तर साइट आडवी येऊ शकते. तुमच्या एकट्या चार स्टारवर मात्र कोणाचाच हक्क नाही, तुमचाही नाही.

प्रश्न: एका व्यावसायिकाने काम सुरू करायच्या आधी फॉर्मवर सही घेतली. घरी येऊन वाचलं तर त्यात होतं की मी भविष्यात त्यांच्याबद्दल जो काही रिव्ह्यू लिहीन त्याचा कॉपीराइट त्यांचा. असं असू शकतं का? मला रात्रभर झोप नाही आली.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, कारण ही युक्ती नवी नाही. अमेरिकेत काही डॉक्टर, डेंटिस्ट पेशंटकडून अगदी अशाच फॉर्मवर सह्या घ्यायचे, आणि यामागची चाल नीट समजून घ्या. रिव्ह्यू खोटा आहे हे सिद्ध करणं अवघड, पण "हा मजकूर माझ्या मालकीचा आहे, काढा" अशी नोटीस पाठवणं सोपं, आणि साइट अशा नोटिशीवर पटकन मजकूर उतरवते. म्हणजे कॉपीराइट, जो लिहिणाऱ्याला जपायला केलाय, तोच लिहिणाऱ्याचं तोंड बंद करायला वापरायचा. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका पेशंटने डेंटिस्टविरुद्ध हे नेलं आणि २०१५ मध्ये तो करार रद्द ठरला. मग २०१६ मध्ये अमेरिकेने कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस ॲक्ट नावाचा कायदा केला, छापील ठरलेल्या करारात गिऱ्हाइकाला रिव्ह्यू लिहायला बंदी करणारं, त्यासाठी दंड लावणारं किंवा रिव्ह्यूचा कॉपीराइट धंदेवाल्याच्या नावावर करणारं कलम असेल तर ते कलम सुरुवातीपासूनच रद्द. साध्या नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवानगीला मात्र तो कायदा हात लावत नाही, म्हणून साइटच्या नेहमीच्या अटी त्यात अडकत नाहीत.

असा थेट कायदा सगळ्या देशांत नाही. पण एकतर्फी, न समजावता घेतलेल्या कलमांना आव्हान द्यायची सोय ग्राहक कायद्यांत बऱ्याच ठिकाणी आहे. फॉर्मची प्रत मागून घ्या, ती द्यायला नकार दिला तर तसं मेलवर लिहून कळवा म्हणजे नोंद राहील. आणि रिव्ह्यू लिहायचाच असेल तर जे घडलं तेवढंच लिहा, तारखांसकट, बिलं जपून ठेवून. पुढच्या वेळी फॉर्मवर ते कलम दिसलं तर त्यावर सरळ रेघ मारून बाजूला सही करा. लाजू नका, मी हे केलंय आणि समोरच्याने मुकाट्याने फॉर्म घेतला.

प्रश्न: रिव्ह्यू माझा आहे म्हणता, मग साइटने तो न विचारता डिलीट कसा केला?

उत्तर: कारण लिखाण तुमचं असलं तरी भिंत त्यांची. कॉपीराइटने नक्कल थांबवता येते, कोणाला आपलं लिखाण लावून ठेवायची सक्ती करता येत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये गुडरीड्सने लेखकांच्या वागण्याबद्दलचे रिव्ह्यू आणि शेल्फ (वाचकांनी केलेल्या पुस्तकांच्या याद्या) काढायला सुरुवात केली, काहींना आधी कळवलंसुद्धा नाही, नंतर त्याबद्दल माफी मागितली पण गेलेलं लिखाण ज्यांच्याकडे कॉपी नव्हती त्यांचं गेलंच. रिव्ह्यू आधी स्वतःच्या फाइलमध्ये लिहा आणि मग साइटवर चिकटवा, उलट नको.

प्रश्न: मी अकाउंट बंद केलं तर दिलेली परवानगी संपते ना? आणि माझे रिव्ह्यू एआय शिकवायला विकले जातायत असं ऐकलं, त्याला मी नाही म्हणू शकते का?

उत्तर: दोन वेगळे प्रश्न आहेत, पहिला आधी घेते. काही साइटच्या अटींत असतं की तुम्ही काढून टाकलंत की परवानगी संपते, काहींत असतं की कायमची. 'परपेच्युअल' लिहिलं असेल तर अकाउंट गेलं तरी लिखाण तिथे राहू शकतं, कधी तुमचं नाव काढून. युरोपात थोडं बरं आहे, २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या खासगी माहितीबद्दलच्या कायद्यामुळे स्वतःची माहिती मागता येते, बरोबर नेता येते आणि बऱ्याच परिस्थितींत पुसायलाही लावता येते. आणि २०१९चा डिजिटल कंटेंटबद्दलचा युरोपीय संघाचा एक निर्देश (देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम) आहे, तो २०२२पासून लागू झाला, त्यानुसार करार संपला की कंपनीने ग्राहकाने तयार केलेला कंटेंट वापरणं थांबवायचं. त्याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ तो इतरांच्या माहितीत असा मिसळला असेल की वेगळाच काढता येत नाही. पण थांबवायचं हा नियम आणि वापरणं हा अपवाद, हे मला फार योग्य वाटतं. बाकीकडे अजून उलटं आहे.

आता एआय. 'सबलायसन्सेबल' हा शब्द आठवा, पोटभाडेकरू. रेडिट या लोकांच्या चर्चांच्या साइटने २०२४ मध्ये शेअर बाजारात येताना जी कागदपत्रं दाखल केली त्यात लिहिलं होतं की डेटा वापरू देण्याचे त्यांचे करार एकूण २०.३ कोटी डॉलरचे आहेत, आणि त्याच सुमाराला गुगलबरोबरचा करारही जाहीर झाला. ते शब्द लिहिणारे लोक वेगळेच होते. त्यांना वाटा का नाही, हा प्रश्न कोर्टात आधीही गेलाय. २०११ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने हफिंग्टन पोस्ट ही बातम्या-ब्लॉगची साइट ३१.५ कोटी डॉलरना घेतली तेव्हा फुकट लिहिणाऱ्या ब्लॉगरनी वाटा मागत केस केली आणि ती २०१२ मध्ये फेटाळली गेली, कारण पैसे मिळणार नाहीत हे त्यांना लिहितानाच माहीत होतं. कायद्याने ते बरोबर असेल. पण मला ते न्याय्य वाटत नाही, आणि हे मी अगदी मनापासून लिहितेय. एखाद्या वाचकाला पुस्तक निवडताना मदत व्हावी म्हणून दिलेला शब्द आणि घाऊक विकायचा माल म्हणून दिलेला शब्द, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी देणाऱ्याच्या मनात पहिली असते आणि अटींत दुसरी लिहिलेली असते.

नाही म्हणायची सोय काही साइटच्या सेटिंगमध्ये असते, तिथे आधी बघा. रागाच्या भरात जुनं लिखाण खोडत मात्र बसू नका, २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने ओपनएआय या एआय कंपनीबरोबर करार केल्यावर काही जणांनी आपली उत्तरं बदलली-पुसली, साइटने ती परत लावली आणि त्यांची अकाउंट काही दिवस बंद ठेवली. तिथलं लिखाण सीसी बाय-एसए या खुल्या परवान्याखाली (नाव देऊन, त्याच अटींवर कोणीही वापरावं) दिलेलं असतं आणि तो परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही.

प्रश्न: साइटवरच्या माझ्या रिव्ह्यूंचं पुस्तक काढू का?

उत्तर: नॉन-एक्स्क्लुझिव्ह असेल तर खुशाल काढा. पण कव्हरचे फोटो, प्रकाशकाने लिहिलेला परिचय आणि खाली आलेल्या इतरांच्या कमेंट घेऊ नका, त्या तुमच्या नाहीत. अमुक साइटवर आलेले रिव्ह्यू असं प्रस्तावनेत लिहायला हरकत नाही, तिचा लोगो मात्र वापरू नका.

प्रश्न: मग लिहायचं तरी कुठे? तुमचं वाचून सगळ्या साइट सोडाव्याशा वाटतायत.

उत्तर: नका सोडू. मी पण सोडलेल्या नाहीत, कारण अनोळखी माणसाने प्रामाणिकपणे लिहिलेला रिव्ह्यू किती उपयोगी पडतो हे मी अनुभवलंय. फक्त निवडताना एक प्रश्न विचारा, उद्या मालक बदलला आणि वाईट वागायला लागला तर आम्हाला सगळ्यांना आमचं लिखाण घेऊन दुसरीकडे जाता येईल का?

जाता येतं याचा पुरावा आहे. विकिट्रॅव्हल ही प्रवासाची माहिती देणारी साइट २००३ मध्ये सुरू झाली, सगळं लिखाण लोकांनी केलेलं आणि खुल्या परवान्याखाली. २००६ मध्ये ती एका व्यावसायिक कंपनीने विकत घेतली. नावावर, पत्त्यावर, सर्व्हरवर कंपनीचा हक्क आला पण लिखाणावर एकटीचा आला नाही, कारण परवानाच तसा होता की कोणीही नाव देऊन आणि त्याच अटींवर ते पुढे नेऊ शकतो. जर्मन लिहिणारे त्याच वर्षी निघून गेले आणि त्यांनी विकिव्हॉयेज उभी केली, इंग्रजीवाले २०१२ मध्ये निघाले, कंपनीने दोन स्वयंसेवकांवर केसही केली, तरी जानेवारी २०१३ मध्ये विकिव्हॉयेज विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या छताखाली सुरू झाली ती त्याच लेखांसकट.

आणि उलटाही पुरावा आहे. गाण्यांच्या सीडीची माहिती, गाण्यांची नावं, क्रम, हे सगळं सीडीडीबी नावाच्या ऑनलाइन यादीवर हजारो लोकांनी हौसेने स्वतः टाइप करून भरलं होतं, पुढे तिचा धंदा झाला, वापराच्या अटी बदलल्या आणि ज्यांनी भरलं होतं तेच बाहेर राहिले. त्या रागातून फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ या तशाच पण खुल्या याद्या जन्माला आल्या, आणि म्युझिकब्रेन्झच्याच घरातली क्रिटिकब्रेन्झ ही रिव्ह्यूंची साइट लिहिणाऱ्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचे (वर आलेलं 'सीसी' ते हेच) खुले परवाने समोर ठेवते, त्यातला कुठला हे तुम्ही निवडायचं, व्यावसायिक वापर चालेल की नाही हे पण त्यातच आलं. खुला परवाना म्हणजे एआयवालेही वाचणार, हे लक्षात ठेवून निवडा.

तुम्ही आत्ता ज्या साइटवर आहात तिच्या सेटिंगमध्ये जाऊन 'एक्सपोर्ट' किंवा 'डाउनलोड युअर डेटा' असं बटण आहे का ते आजच बघा, आणि असेल तर दाबा, फाइल उघडून त्यात नुसते स्टार आलेत की पूर्ण मजकूर आलाय हेही तपासा. बटणच नसेल तर मला साइटचं नाव कळवा, अशी कितीतरी नावं पत्रांत आलीत आणि पुढच्या अंकासाठी मी त्या सगळ्यांच्या अटी एकेक करून वाचायला घेतल्यात.